निमगडे गुरुजींचा मुक्काम

निमगडे गुरुजींना अंधाराचं भेव वाटायचं, आणि हे सगळ्या गावाला माहीत होतं, कारण त्यांनी स्वतःच सांगितलं होतं. ते आमच्या कोसमटोल्याच्या शाळेत रुजू झाले त्याच दिवशी संध्याकाळी माझ्या सासऱ्यांपुढे येऊन उभे राहिले.

"बाबाजी, मी चंद्रपूरच्या कोळसा खाणीच्या क्वार्टरमंधी वाढलो," ते म्हणाले. "तिथी रातभर लाइट राह्यते. इतका अंधार मी आतापर्यंत पाह्यलाच नाई. आजची रात तुमच्या ओसरीत झोपू का?"

आमचं घर शाळेला लागून आहे, तेव्हा एवढाच आमचा संबंध. सासऱ्यांनी खाट टाकून दिली. आठ दिवस गुरुजी आमच्या ओसरीत झोपले. नवव्या दिवशी त्यांनी आपली वळकटी उचलली आणि शाळेच्या खोलीत नेली. सासरे म्हणाले, "जमन का, गुरुजी?"

"पाह्यतो. नाई जमलं त येतो वापस."

ते परत आले नाहीत. पण त्या खोलीचा कंदील पहाटेपर्यंत जळत असायचा. गावात वीज आली तेव्हा सगळ्यात जास्त आनंद त्यांनाच झाला, आणि वीज जायला लागली तेव्हा सगळ्यात जास्त दुःखही त्यांनाच.

हा माणूस पुढे दर साल चौथीच्या पोरांना घेऊन एक रात्र रानात मुक्कामाला जायचा. मी त्या शाळेत खिचडी शिजवते. मुक्कामाचा स्वयंपाकही माझ्याकडेच असायचा. म्हणून मी जे लिहिते आहे ते पाहिलेलं आहे. मला लोकांपुढे बोलता येत नाही, पण चुलीपुढे बसलं की दिसतं सगळं.

गुरुजी उंच आणि काटकुळे होते. गळा लांब. बाराही महिने पॅन्टचे पाय मोज्यांत खोचलेले, सापांच्या भीतीने. मोटारसायकल होती, पण उतार आला की खाली उतरून ती हाताने धरून चालायचे, म्हणून पोरं त्यांच्या गाडीच्या आधी घरी पोचायची. साप, उतार, विहिरीचा काठ, अंधार आणि सुई. एवढ्या गोष्टींची भीती असलेला माणूस मी दुसरा पाहिला नाही. आणि त्यातली एकही त्यांनी कधी लपवली नाही.

सुईवरून आठवलं. एकदा नर्सबाई शाळेत सुया द्यायला आल्या. पेटी पाहिल्याबरोबर पोरं धुऱ्याधुऱ्याने पळाली. धुरा म्हणजे शेताचा बांध. शाळेत उरले गुरुजी, मी आणि एक लंगडणारा पोरगा. गुरुजींनी स्टूल अंगणात आणून ठेवलं, बाही वर केली आणि बसले.

"आधी मले द्या," ते म्हणाले.

"गुरुजी, हे पोराइचं आहे."

"मंग मोठ्याइचं कायचं बी द्या."

नर्सबाईंनी त्यांना धनुर्वाताची सुई दिली. गुरुजी इतक्या मोठ्याने ओरडले की पळालेली पोरं बांधावर थांबली. मग गुरुजींनी डोळे पुसले आणि त्यांच्याकडे बघून म्हणाले, "दुखलं. लय दुखलं. पण झालं." मास्तर रडतो म्हणजे काय ते जवळून बघायला पोरं एकेक करत परत आली, आणि आली तशी बसली.

"आधी मी" हा त्यांचा सगळ्यांत आवडता शब्द. कारल्याची भाजी आधी ते खायचे. पाठ न झालेली कविता आधी ते म्हणायचे, मुद्दाम चुकत. गोंडी बोलायला शिकले तेही असंच. रोज पोरांसमोर चुकीचं बोलायचे, पोरं खो खो हसायची, आणि हसता हसता तीच पोरं न लाजता मराठी बोलायला लागली.

आता मुक्कामाचं. आमच्या गावची शाळा चौथीपर्यंत. पाचवीला आश्रमशाळेत जावं लागतं, बसने दीड तास, आणि तिथेच राहावं लागतं. पोरं जूनमध्ये पेटी घेऊन जातात आणि त्यातली कितीतरी दिवाळीच्या आधी परत येतात. कोणी बाजाराच्या गाडीत बसून येतं, कोणी चालत, रानातून. घरी कोणी रागवत नाही. बकऱ्यांना माणूस मिळतो. मी स्वतः अशीच परत आलेली. माझे वडील तिसऱ्या दिवशी भेटायला आले होते, मी त्यांच्या मागे मागे बाजारापर्यंत आले आणि मग घरापर्यंतच. नंतर कोणी माझ्यापुढे शाळेचं नाव काढलं नाही.

गुरुजींच्या पहिल्या वर्षी सातांपैकी चार पोरं परत आली. त्यांनी एकाला विचारलं, दसरू नाव त्याचं, "तुले मारलं का कोणी? खायाले नाई देलं?"

"देलं. मारलं नाई."

"मंग?"

"राती उठलो त दरोजा कुठी आहे ते समजत नाई."

गुरुजी त्या दिवशी माझ्या चुलीपाशी येऊन बसले. म्हणाले, "बाई, मले हे समजते. चांगलंच समजते." त्याच हिवाळ्यात पहिला मुक्काम निघाला. त्यांचं म्हणणं एवढंच होतं की पोराने एक रात्र मायपासून दूर काढावी, पण ओळखीच्या पोरांसोबत. पहिली रात्र अशी निघाली की आश्रमशाळेतली पहिली रात्र ही खरं तर दुसरी होते.

जागा ठरलेली. गावापासून तासाभराच्या वाटेवर नदीकाठी एक मोठा सपाट खडक आहे, आणि त्याच्या वरच्या अंगाला चार घरांची वस्ती. धान मळून झालं की जायचं. आठवडाभरात कुठे वाघाची खबर असली की मुक्काम पुढे ढकलायचा; एका साली चारदा ढकलला. सोबत दोन पोरांचे बाप, वस्तीतले तीन गडी, जंगलखात्याचा गार्ड. बैलबंडीत माझी भांडी आणि तांदूळ. पोरांनी फक्त एक पांघरूण आणायचं. ताट आणायचं नाही. तिथे पळसाची पानं तोडून, काडीने टोचून, प्रत्येकाने आपली पत्रावळ आपणच लावायची. "दुसऱ्याच्या पत्रावळीवर जेवाल त दुसऱ्याचंच पोट भरन," असं गुरुजी सांगायचे आणि पोरांना ते खरं वाटायचं.

ऊन उतरायला लागलं की सगळ्यांना गोल बसवायचे. "आधी मी," म्हणायचे. "मले अंधाराचं भेव लागते. आता अर्ध्या तासानं अंधार पडन आणि मी कंदील हातातून सोडणार नाई. आता तुमी सांगा." मग पोरं सांगायची. कोणाला घुबडाचं, कोणाला वस्तीतल्या कुत्र्याचं. एकाने सांगितलं, मला पांघरूण ओलं होण्याचं भेव लागते. कोणी हसलं नाही, कारण हसायचं नाही हा कायदा होता. त्या पोराला गुरुजींनी रात्री दोनदा स्वतः उठवून नेलं, आणि सोबत हात कोणाचा कोणी धरला होता ते मला अजून नक्की सांगता येत नाही.

झोपायच्या आधी साखळी. गुरुजी पहिल्या पोराचं नाव घ्यायचे, तो "हाजिर" म्हणून पुढच्याचं नाव घ्यायचा, पुढचा त्याच्या पुढच्याचं. शेवटचा पोरगा "निमगडे गुरुजी" म्हणायचा आणि गुरुजी म्हणायचे, "हाजिर." मगच पांघरुणं.

सहा मुक्काम झाले. परत येणाऱ्या पोरांची संख्या कमी झाली. एका साली एकही आलं नाही. मग सातवा मुक्काम.

त्या साली चौथीत अकरा पोरं होती. त्यांत रोशनी. शेवंताची एकुलती एक पोरगी. शेवंताचा नवरा डिसेंबर लागला की मिरची तोडायला तेलंगणात जातो, तो उन्हाळ्यातच येतो. घरी मायलेकी दोघीच. रोशनी हुशार, पाढे उलटे म्हणायची. गुरुजींचा तिच्यावर जीव होता आणि ते लपवत नव्हते. "ही पोरगी बारावीच्या पुढं जाईन, बाई, तुमी पाह्यसान," असं मला दहादा तरी म्हणाले असतील.

गोलात तिची पाळी आली तेव्हा ती म्हणाली, "मले कायचंच भेव नाई."

"कायचंच नाई?"

"नाई."

गुरुजी हसले. "मंग तू आमचा पाटील."

जेवणं अंधाराच्या आधी. मी वाढत गेले. लाखोळीचं वरण, भात, वांग्याची भाजी. सगळ्यांना वाढून झालं आणि खडकाच्या टोकाला एक पत्रावळ रिकामी राहिली. नुसती नाही, नीट लावलेली, पानं मोठी मोठी निवडून. मी पाहिली. मला वाटलं, झाडाआड गेली असेल कोणी. थोडा वेळ वाट पाहिली. मग उठले, गुरुजींना सांगायला. पण गुरुजी गार्ड आणि वस्तीतल्या गड्यांसोबत बसले होते, सगळे पुरुष, मला अनोळखी, आणि काहीतरी हसण्याचं चाललं होतं. मी पाच पावलं गेले आणि परत आले. त्या पत्रावळीवर भात-वरण वाढलं, वर परात झाकली आणि चुलीजवळ ठेवलं. येईल त्याला गरम मिळेल.

मग साखळी झाली. एक, दोन, तीन. "रोशनी." "हाजिर." आवाज आला. मला हायसं वाटलं. परात झाकलेलीच होती, पण आवाज तर आला होता.

इथे एक सांगायला पाहिजे. आमच्या शाळेत एखादं पोर आलं नाही, बकऱ्यांमागे गेलं किंवा बाजाराला गेलं, तर त्याचा सोबती त्याच्या नावाला "हाजिर" म्हणतो. पोरांच्या लेखी ती दोस्ती आहे. न म्हणणारा वाईट. गुरुजींना ते माहीत होतं. ते रागवायचे नाहीत. पटावर खरं तेच लिहायचे आणि सोबत्याला म्हणायचे, "ठीक आहे, मंग त्याच्या वाटची कविता बी तूच म्हण." पोर दोनदा कविता म्हणायचं आणि सगळे हसायचे.

पोरं झोपायला लागली होती तेव्हा वाटेवरून बॅटऱ्या येताना दिसल्या. पुढे शेवंता, मागे गावातले चार-पाच गडी. ती धापा टाकत होती. पदर कमरेला खोचलेला.

"गुरुजी, माही पोरगी कुठी आहे?"

गुरुजी उठले. "शेवंताबाई, काय झालं? घरी सगळं ठीक आहे ना?"

"मी इचारून राह्यली, माही पोरगी कुठी आहे?"

"ही काय. झोपली आहे." गुरुजींनी पांघरुणांकडे हात केला. "आताच हाजिरी झाली. तुमी भेव नोका. रोशनी!"

पांघरुणातून बारीक आवाज आला, "हाजिर."

शेवंता म्हणाली, "मंग माह्या घरी चुलीपुढे कोण बसली आहे?"

गार्डने बॅटरी मारली. पांघरुणात मनीषा होती, रोशनीची सोबतीण, डोळे घट्ट मिटून. रोशनी जेवणाच्या आधीच निघाली होती. दिवस बुडायच्या वेळेला ती पोरगी एकटी रानातून तासभर चालत गेली होती. तिच्या सोबतिणीने तिला वचन दिलं होतं की कोणाला कळू देणार नाही, आणि तिने ते पाळलं होतं.

गुरुजी खडकावर खाली बसले. शेवंताच बोलत होती, आणि जे बोलली ते इथे लिहीत नाही. तिचा हक्क होता. मी चुलीजवळ उभी होते, पायाशी ती झाकलेली परात.

पुढच्या आठवड्यात केंद्रप्रमुख चौकशीला आले. शाळेच्या वऱ्हांड्यात खुर्च्या मांडल्या. गार्डला विचारलं, बापांना विचारलं. मग माझ्याकडे वळले. "बाई, तुम्ही तिथं होत्या ना? तुमच्या काही लक्षात आलं होतं?"

मी मान हलवली. नाही म्हणून.

गुरुजी म्हणाले, "साहेब, पोराइची मोजणी माही होती. माहीच चुकली. तोंडं पाह्यली नाई, आवाज मोजले. असंच लिहा."

तसंच लिहिलं. मुक्काम बंद झाला. मे महिन्यात गुरुजींच्या बदलीचा कागद आला, दूर, सिरोंच्याकडच्या एका गावाला. बदली त्यामुळेच झाली की पाळीने आली, मला माहीत नाही. गुरुजी म्हणायचे पाळीनेच.

पण बदलीच्या आधी त्यांना एकच घोर होता. शेवंताने सांगून टाकलं होतं की रोशनी पाचवीला जाणार नाही. "एक रात मास्तरले पोरगी सांभाळता आली नाई. तिथी दोनशे पोरीमंधी माहीले कोण पाह्यन?"

एके दिवशी रोशनी माझ्याजवळ तांदळातले खडे निवडत बसली होती. गुरुजी आले आणि तिच्यासमोर उकिडवे बसले. तेही खडे निवडायला लागले.

"रोशनी, मी रागवत नाई. त्या दिवशी तुले कायचं भेव वाटलं?"

"कायचंच नाई."

"मंग गेली काऊन?"

"माय एकटी होती."

"माय त मोठी आहे."

रोशनीने एक खडा उचलून बाजूला टाकला. "तिले राती भेव लागते. बाबा गेला का ती लाइट बंदच नाई करत. मी झोपली का मले हात लावून लावून पाह्यते."

गुरुजींनीही एक खडा काढून बाजूला ठेवला. ती उठून गेल्यावर मला म्हणाले, "सात साल मी पोराइले इचारून राह्यलो का तुमाले कायचं भेव वाटते. त्याइच्या मायले काय वाटते, हे मी इचारलंच नाई, बाई."

आणि मग त्यांनी, मला वाटतं, आयुष्यात पहिल्यांदाच, आपलं आधी न सांगता दुसऱ्याचं सांगितलं. त्याच संध्याकाळी शेवंताच्या दारात जाऊन म्हणाले, "शेवंताबाई, तुमाले एकटं झोपाले भेव वाटते, म्हणून पोरगी घरी राह्यते."

शेवंता तांदूळ पाखडत होती. तिने सूप खाली ठेवलं. "पोरगी हरवली तुमी," ती म्हणाली, "आणि भेकड मी? जा, गुरुजी. तुमच्या वयाचा मान ठेवून राह्यली, जा."

ते दुसऱ्यांदा गेले तेव्हा तिने दार लावून घेतलं. बाहेर उभे राहून गुरुजी काहीतरी बोलत होते. आमच्या अंगणातून मला ते दिसत होते. बंद दाराशी बोलणारा माणूस. आत रोशनी असणार. मला माझे वडील आठवले, बाजार आठवला, आणि त्यानंतरची सगळी वर्षं.

दुसऱ्या दिवशी भांडी घासून झाल्यावर मी शेवंताकडे गेले. मी कोणाकडे उगाच जात नाही, म्हणून तिला नवल वाटलं.

"बस," ती म्हणाली. "काय काम काढलं?"

मी उभीच राहिले. "तुही पोरगी जेवाले नोहोती, हे मी पाह्यलं होतं," मी म्हणाले. "पत्रावळ उरली होती. मी सांगाले गेली, आणि वापस आली. गुरुजीले मालूम नोहोतं. मले मालूम होतं."

शेवंता माझ्याकडे वळली. "मंग तवा काऊन नाई बोलली?"

"लाज वाटली. तिथी माणसं बसली होती."

"लाज वाटली," ती म्हणाली. मला वाटलं आता ती मला बाहेर काढेल. तिने चहा ठेवला. पाणी उकळायला लागलं तशी पाठमोरीच म्हणाली, "साहेबापुढं बी नाई बोलली?"

"नाई."

"आणि त्या माणसानं सगळं आपल्यावर घेतलं."

"होय."

तिने कप माझ्या हातात दिला. थोड्या वेळाने तिचं तिनेच काढलं. गेल्या साली बाजूच्या गावात वाघाने बाई नेली तेव्हापासून तिला झोप लागत नाही. दाराला आतून पाटा लावते. पोरगी बाजूला असली की तिच्या श्वासावर झोपते. "आता हे मी मास्तरले सांगू का?" ती म्हणाली. "गड्यामाणसाले?"

"मी येत जाईन," मी म्हणाले. "राती झोपाले. तुहा माणूस येतपर्यंत, आणि गेला का पुन्हा."

"तुह्या घरचे?"

"मी घोरतो. त्याइले सुटका होईन."

ती हसली. खूप दिवसांनी तिला हसताना पाहिलं. "मले घोरणं चालते," ती म्हणाली. "समजते त कोणी आहे म्हणून." मग गंभीर झाली. "पण पहिली रात मी तिथी राहीन. तिच्याजवळ. तू चालशीन त मी जातो. एकटी नाई."

गुरुजींना मी फक्त एवढंच कळवलं की शेवंता तयार आहे. ते तेव्हा सामान बांधत होते. त्यांनी दोरीची गाठ सोडली आणि पुन्हा तीच गाठ मारली.

जूनच्या शेवटी आम्ही तिघी बसने निघालो. रोशनीची पत्र्याची पेटी तिच्याहून मोठी. आश्रमशाळेच्या फाटकासमोर उतरलो तर गुरुजी तिथे आधीच उभे. नव्या गावाहून दोन बस बदलून आले होते. आता ते आमच्या शाळेचे नव्हते, त्यांना कोणी बोलावलं नव्हतं. मोजे तसेच, पॅन्ट खोचलेली, काखेत वळकटी.

शेवंताने त्यांना पाहिलं आणि पदर सावरला. "आले तुमी," एवढंच म्हणाली.

"आधी मीच आलो," गुरुजी म्हणाले.

अधीक्षिकाबाई भल्या होत्या, पण नियमाच्या पक्क्या. पालकांनी पाचच्या बसने जायचं. मी काही बोलायच्या आत शेवंताच म्हणाली की ही बाई शाळेत स्वयंपाक करते. तेव्हा तिथल्या स्वयंपाकघरातल्या बायांनी आम्हा दोघींना आपल्या वऱ्हांड्यात जागा करून दिली. मी त्यांच्याबरोबर दोनशे पोरींच्या पोळ्या लाटायला बसले. गुरुजींना मात्र फाटकाच्या आत थांबता येणार नव्हतं.

"मी रोडच्या पलीकडं राह्यतो," ते म्हणाले. तिथे चहाची टपरी होती, समोर बाकडं. टपरीवाला सहाला बंद करून निघून जायचा.

दिवस बुडता बुडता मी त्यांना जेवण नेऊन दिलं. ते बाकड्यावर पाय वर घेऊन बसले होते. जेवण झाल्यावर मी म्हणाले, "गुरुजी, तुमाले एक सांगाचं आहे. त्या मुक्कामाच्या राती—"

"परात झाकली होती तुमी," गुरुजी म्हणाले. "शेवंताबाई गेल्यावर मी उचलून पाह्यली. जेवण थंडं झालं होतं."

मी म्हणाले, "मंग साहेबापुढं काऊन नाई सांगितलं?"

"तुमी जेवण झाकून ठेवलं होतं, बाई. मी त उरलेली पत्रावळ पाह्यली बी नाई." त्यांनी ताट माझ्याकडे दिलं. "जा आता. अंधार पडून राह्यला. तुमी आत गेल्या का मले एकट्यालेच भेव लागन, तुमच्यासमोर नोको."

रात्री रोशनी दोनदा वऱ्हांड्यात आली. पहिल्यांदा मायपाशी बसली आणि गेली. दुसऱ्यांदा दारातूनच पाहिलं. शेवंता जागीच होती. तिने हाताने खूण केली, जा, मी झोपते. आणि डोळे मिटले. खरंच झोपली की नाही ते मी विचारलं नाही.

सकाळी पोरी नळावर रांगेत उभ्या होत्या. रोशनी मध्ये कुठेतरी होती. तिच्या पुढच्या लहान पोरीची वेणी सुटली होती, ती दात घासणं सोडून तिची वेणी घालत होती, ब्रश तोंडात तसाच. शेवंता आणि मी फाटकाबाहेर आलो. गुरुजी रस्ता ओलांडून आले. डोळे लाल, शर्ट चुरगळलेला, पायाला डास चावून चट्टे. ते फाटकाच्या गजाला धरून आत पाहत राहिले.

"हाक मारू का तिले?" शेवंता म्हणाली.

"नोको."

वेणी झाली. रोशनीने ब्रश काढला, त्या पोरीला काहीतरी सांगितलं, दोघी हसल्या, आणि घंटा वाजली तशी सगळी रांग आत वळली. तिने फाटकाकडे पाहिलं नाही.

गुरुजींनी गज सोडला. "पाह्यलं नाई तिनं," ते म्हणाले. एवढं समाधान मी त्यांच्या तोंडावर कधी पाहिलं नव्हतं. सिरोंच्याची गाडी समोरून येत होती. त्यांनी वळकटी उचलली, शेवंताला हात जोडले, मला जोडले, आणि रस्ता ओलांडताना दोन्हीकडे दोनदा पाहून, घाईने, लांब लांब टांगा टाकत गेले.